चिंध्यांचा नकाशा

समाधान एकोणीस वर्षं महाळुंग्यातल्या एकाच कंपनीत टिकला होता, यातच त्याचं निम्मं चरित्र आलं. कळंबहून डिप्लोमाचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो आला, तेव्हापासून कंपनीचे तीन मॅनेजर बदलले, कॅन्टीनचे सहा ठेकेदार बदलले, समाधान मात्र मागच्या यार्डातच राहिला. कंपनी गाड्यांच्या सायलेन्सरला धरून ठेवणारे ब्रॅकेट बनवायची. गिऱ्हाईक कंपनीने त्यातले जे नापास केले ते परत येऊन या यार्डात पडायचे. नापासांच्या या वस्तीवर समाधान सुपरवायझर होता.

जानेवारीत विभागाच्या मॅनेजरने नोकरी सोडली आणि नोटीस बोर्डावर कागद लागला. रिकाम्या जागेसाठी आतल्या माणसांचा विचार होईल, पण ज्याने बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंटची परीक्षा पास केली असेल त्याचाच. मार्चपर्यंत कुणी पास झालं नाही तर बाहेरून माणूस घेणार. बाहेरून माणूस आला म्हणजे काय होतं हे समाधानला पुरतं ठाऊक होतं. तो टाय लावून येतो, पहिले सहा महिने समाधान त्याला सगळं शिकवतो, सातव्या महिन्यापासून तो समाधानला शिकवतो. हे दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही, असं त्याने बायकोला, दीपमालाला, ताटावर बसल्या बसल्या सांगितलं आणि परीक्षेची फी भरून टाकली.

विषय ऐकायला भारदस्त होता, मतलब साधा होता. कुठलंही काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसं चालतं त्याचा चौकोन आणि बाण काढून नकाशा करायचा, मग ते अजून बरं कसं चालेल ते सांगायचं. दर रविवारी चिंचवडला क्लास असे. शिकवायला अर्णव नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. हुशार होता, गोड बोलायचा, आणि कारखाना त्याने मुख्यत्वे फोटोत पाहिला होता.

पहिल्या सराव परीक्षेत समाधानला शंभरात एक्केचाळीस मिळाले, दुसरीत एकोणचाळीस. पास व्हायला सत्तर लागत. दीपमालाने पोळ्या लाटता लाटता त्याचंच पुस्तक चाळून तीच प्रश्नपत्रिका सोडवली, तिला अडुसष्ट पडले. तिने कंपनीचं गेटसुद्धा पाहिलेलं नव्हतं. खरं तर तेच तिच्या पथ्यावर पडलं होतं. समाधानची अडचण अशी की प्रश्न वाचला की त्याला यार्ड दिसायचं. ‘नापास माल परत आल्यावर पहिली पायरी कोणती?’ असं विचारलं, की खाली दिलेल्या चार उत्तरांत तो ‘दुर्गाबाईंना हाक मारणे’ शोधायचा. ते सापडायचं नाही. मग तो उरलेल्यांतलं एक डोळे मिटून निवडायचा.

“सर, तुम्हाला येतंय तेच तुम्हाला नडतंय,” अर्णव म्हणाला. “इथे काय होतं ते लिहू नका. काय व्हायला पाहिजे ते लिहा.”

हा सल्ला लाख मोलाचा होता. समाधानने तो मनावर घेतला आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्रेसष्टवर पोहोचला.

आता दुर्गाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या कुरुळीच्या, वय पन्नासच्या पुढे, ठेकेदाराकडून आलेल्या हेल्पर. यार्डात परत आलेला प्रत्येक ब्रॅकेट त्यांच्या हातातून जायचा. त्या तो उन्हात धरायच्या, अंगठा फिरवायच्या आणि पेटीत टाकायच्या. पेट्यांना जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधलेल्या असत. लाल म्हणजे भंगार, हिरवी म्हणजे दुरुस्ती. पिवळीला गाठी असायच्या. एक गाठ, दोन गाठी, क्वचित तीन. वेल्डिंगच्या कडेवरून माल कुठल्या फिक्स्चरवर, म्हणजे वेल्डिंग करताना ब्रॅकेट पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, बिघडला हे त्या ओळखायच्या आणि त्याच्या नंबराइतक्या गाठी मारायच्या. दोन गाठींची पेटी दिसली की समाधान गुपचूप शॉपमध्ये जाऊन सांगायचा, दोन नंबरची पिन झिजली, बदला. पिन बदलली जायची. कौतुक क्वालिटीवाल्यांचं व्हायचं.

परीक्षेला बसण्याआधी एक खरा नकाशा काढून पाठवावा लागे. आपल्या कामाच्या जागेतली एक प्रोसेस, आणि खाली तिच्या ओनरची, म्हणजे त्या कामाच्या धन्याची सही. समाधानने यार्डाचीच निवडली. नकाशा आठ दिवसांत झाला. सहीला तीन आठवडे गेले.

क्वालिटीचे साहेब म्हणाले, हे प्रॉडक्शनचं. प्रॉडक्शनचे म्हणाले, माल गेटबाहेर गेला की आमचा संबंध संपला, स्टोअरला विचार. स्टोअरचे रंगराव हे मुरलेले गडी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, की माल पास असला तर माझा, नापास झाला की तो कुणाचाच न्हाई. गेल्या दिवाळीत गिऱ्हाईक कंपनीने ‘परतीच्या मालात घट’ म्हणून ढाल दिली, तेव्हा ती घ्यायला स्टेजवर सातजण चढले होते. समाधानने सातही जणांना विचारून पाहिलं. ढालीला सात धनी होते, कामाला एकही नव्हता.

पुस्तकात धन्याची व्याख्या दिली होती. ज्याला काम आरंभापासून अंतापर्यंत कळतं आणि जो निकालाची जबाबदारी घेतो, तो धनी. त्याच्याकडे अनुभव जितका जास्त, तितकं चांगलं. समाधानने ती व्याख्या दोनदा वाचली आणि भाबडेपणाने यार्डात गेला.

सही कशाची, हे दुर्गाबाईंनी विचारलंच नाही. त्यांनी हात पदराला पुसले आणि पेटीवर कागद ठेवून, एकेक अक्षर कोरत, पूर्ण नाव लिहिलं. “तुमाला पास व्हायला उपेगी पडंल ना, सायेब? मग झालं,” असं त्या म्हणाल्या. नावाखालच्या रकान्यात समाधानने स्वतःच्या सुबक अक्षरात भरलं: या कामाचा अनुभव, अकरा वर्षे.

शिक्क्यासाठी कागद एचआरमध्ये गेला आणि दुपारीच बोलावणं आलं. एचआरच्या मृदुला मॅडमनी आधी पाणी दिलं, मग दार लावून घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या. कामगारांच्या मुलांची दहावीची टक्केवारी त्यांना तोंडपाठ असायची. त्यांनी समाधानला शांतपणे समजावलं, की कंपनीच्या रेकॉर्डप्रमाणे अकरा वर्षं काम केलेली दुर्गाबाई अशी कुणी नाहीच. दर सात महिन्यांनी ठेकेदार बाईंना ब्रेक देतो, आठ दिवसांनी त्या दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नव्याने येतात. त्यामुळे कागदोपत्री त्या कायमच नव्या आहेत.

“आणि तुम्ही अकरा वर्षं लिहून, त्यावर त्यांची सही घेऊन, माझ्याकडे शिक्का मागताय,” मॅडम म्हणाल्या. “उद्या हा कागद कोर्टात गेला तर त्यांना कायम करावं लागेल, सर. तुमचं नाव घाला ना तिथे. नाहीतरी सगळं तुम्हीच बघता.”

नकाशा पाठवायची मुदत शनिवारी दुपारपर्यंत होती. तो दिवस गुरुवार. समाधान दोन रात्री नीट झोपला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पण शनिवारी अकरा वाजता त्याने नवा फॉर्म भरला, धन्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि सही केली. जुना कागद मॅडमनी मशीनमध्ये घालून त्याच्या शेवया केल्या. दुर्गाबाईंना त्याने काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर मिळायच्या आत अभ्यासाला बसला.

नकाशा मंजूर झाला. नुसता मंजूर नाही, तर ‘अत्यंत सुस्पष्ट’ असा शेरा आला. तो शेरा फिरत फिरत वरपर्यंत गेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुर्गाबाईंचा नेहमीचा ब्रेक लागला. आठ दिवस झाले, दहा झाले, त्या आल्या नाहीत. ठेकेदाराने दोन नवे हेल्पर पाठवले. समाधानने विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, की वरून तसं ठरलंय. अकरा वर्षांचा विषय एकदा निघालाच आहे तर जोखीम नको, आणि आता तुमचा नकाशा इतका छान झालाय की काम कुणालाही जमेल. हे त्या मनापासून कौतुकाने म्हणाल्या. परीक्षा चार दिवसांवर होती. परीक्षा झाली की बघू, असं त्याने ठरवलं.

परीक्षा चिंचवडलाच, संगणकावर, तीन तास. अर्णवची शिकवणी कामी आली. समाधानला एकाही प्रश्नात यार्ड दिसलं नाही. त्र्याऐंशीवा प्रश्न असा होता: अनुभवी कामगाराच्या डोक्यातलं ज्ञान लिहून ठेवण्याचा मुख्य फायदा कोणता? समाधानने क्षणभर हात मागे घेतला. मग योग्य उत्तरावर टिचकी मारली. संस्थेचं त्या व्यक्तीवरचं अवलंबित्व कमी होतं. अठ्ठ्याहत्तर मार्क पडले. दीपमालाने दारात औक्षण केलं, कंपनीत पेढे वाटले गेले आणि एप्रिलच्या एक तारखेला तो मॅनेजर झाला. केबिन छोटी होती, पण दार होतं.

पंधरवडाभर सगळं नकाशाबरहुकूम चाललं. नव्या पोरांना नकाशा तोंडपाठ होता. त्यात लाल, हिरवी, पिवळी असे तीन रंग होते आणि पोरांनी चिंध्या काढून तिथे छापील स्टिकर लावले. चिंध्या दिसायला गबाळ्या होत्या. स्टिकरला गाठ मारता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, केबिनमधल्या समाधानच्याही नाही. नकाशात गाठींचा उल्लेखच नव्हता, कारण त्या चौकोनात बसत नव्हत्या. तीन नंबरची पिन झिजली. कुणी सांगितलं नाही, कुणी बदलली नाही. एका गुरुवारी सकाळी गिऱ्हाईक कंपनीची लाइन आपल्या ब्रॅकेटमुळे पावणेदोन तास बंद पडली.

मीटिंगमध्ये पहिला प्रश्न झाला, या प्रोसेसचा ओनर कोण? त्या दिवशी शोधाशोध करावी लागली नाही. कागद समोरच होता, सही ठसठशीत होती. ढाल घ्यायला स्टेजवर चढलेले सातही जण समाधानकडे वळून बसले. सोमवारपर्यंत कारण आणि उपाय लिहून द्या, नाहीतर मॅनेजरपदाचा फेरविचार करू, असं ठरलं.

समाधानने दुर्गाबाईंना फोन लावला. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर न्हाई जमायचं, हातात घेऊन दावावं लागंल, येते उद्या, असं सांगितलं.

शुक्रवारी त्या आल्या. कामगारांच्या गेटने आत यायचा त्यांना आता हक्क नव्हता, म्हणून त्या पाहुण्यांच्या गेटने आल्या. सिक्युरिटीच्या ज्योतीरामने त्यांच्या गळ्यात पाहुण्यांचा पट्टा घातला. नियमाप्रमाणे पाहुण्यांना कॉन्फरन्स रूममध्ये चहा द्यायचा असतो, तो कपबशीतून आला, सोबत क्रीमची बिस्किटं. अकरा वर्षांत त्या खोलीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. एसी लागला म्हणून त्यांनी पदर अंगभर घेतला.

मग यार्डात दोन तास त्यांनी पोरांना कडा दाखवल्या, अंगठा कसा फिरवायचा ते दाखवलं, कुठला जळका डाग कुठल्या फिक्स्चरचा ते सांगितलं. हातचं काही राखलं नाही. समाधान लिहून घेत होता. चार पानं भरली. शेवटच्या पानावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की दुर्गाबाईंना परत घ्या असं म्हणायला जे एकच कारण उरलं होतं, ते आता त्याच्या वहीत होतं. दुर्गाबाईंनाही ते कळलं असणार. त्यांनी फक्त विचारलं, समदं लिवलं का नीट?

केबिनमध्ये आल्यावर त्या पहिल्यांदाच स्वतःसाठी काही बोलल्या.

“कुरुळीत नवी कंपनी झालीय. तपासायच्या कामाला बाया घेत्यात. पर दोन वर्सं काम केल्याचा कागद मागत्यात. तुमी आता मोठं झाला, तेवढा कागद द्या.”

समाधानने लेटरहेड काढलं. आधी कच्च्या कागदावर अकरा लिहिलं आणि मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, रेकॉर्डला आहे तेवढंच द्या, सर. सोमवारी तुमची मीटिंग आहे, त्यात नवीन भानगड नको. त्याने फोन ठेवला. समोर दुर्गाबाई बसल्या होत्या, खुर्चीच्या अगदी कडेवर. त्याने लेटरहेडवर टाईप केलं, प्रिंट काढली, सही केली, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी कागद त्यांच्यापुढे धरला.

दुर्गाबाईंनी तो बोट ठेवून वाचला. बोट एका ओळीवर थांबलं.

“सात म्हैने,” त्या म्हणाल्या.

“एवढंच लिहिता येतं, मावशी.”

त्यांनी मान हलवली. तक्रार नव्हती, कुणीतरी भाव सांगितल्यावर मान हलवावी तशी. मग त्यांनी कागदाला घडी पडू नये म्हणून तो सरळ धरला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

“ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. त्यांना दोन वर्सांचा पायजे. ह्यो दावला तर म्हनतील, सात म्हैन्यांत काडून टाकली म्हंजी बाईच कामाची नसंल.”

समाधानला लाज वाटली, कान तापण्याइतकी. अजून एक लेटरहेड ड्रॉवरमध्ये होतं, पेन खिशाला होतं, अकरा हा आकडा लिहायला दोन रेघा पुरतात. दुर्गाबाईंनी गळ्यातला पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि त्या थोडं थांबल्या. सोमवारची मीटिंग दहाला होती. समाधानने हात पुढे केला आणि कागद परत घेतला.