दीड केसाची फट

"कोणाचा विश्वास बसणार नाय, म्हणून मी हे कोणाला सांगत नाय," मी म्हणालो. पहिलं खोटं इथेच झालं, कारण ही गोष्ट मी मुरबाडच्या एस.टी. स्टँडपासून म्हशाच्या जत्रेपर्यंत निदान दोनशे वेळा सांगितली आहे. "सावळाराम मिस्त्रीनं अडतीस वर्सं इंजिनं बोअर केली, ती वत्सलावहिनींच्या केसावर."

भंगारवाल्याची चार माणसं बोअरिंग मशीनच्या पायातले बोल्ट सोडवत होती. पान्याला लोखंडी पाइप लावून दोघं लोंबकळले तरी बोल्ट हलत नव्हता. त्यांतला एक पाइप सोडून वळला.

"केसावर म्हंजे?"

म्हटलं, चला, एक तरी गिऱ्हाईक लागलं.

"अरे, इंजिनात पिस्टन ज्या भोकात वरखाली पळतो ते भोक झिजतं. मग ते खरवडून मोठं करायचं आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा. झालं बोअर. पण बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसवशील तर तापला की फुगणार नि तिथंच जाम होणार. म्हणून फट ठेवायची. किती? तर केसाएवढी. बाकीचे मिस्त्री मुंबईहून मापं आणायचे. आमचा सावळा घरून निघताना वहिनींच्या फणीतला एक केस काढायचा नि कागदात घालून आणायचा. साध्या जीपला एक केस. स्कूटरला अर्धा, तो उभा चिरायचा. खडीच्या डंपरला म्हशीच्या शेपटीचा."

"केस उभा चिरायचा? कशानं?"

"दाढीच्या ब्लेडनं. डावा डोळा मिटून. शहापूरच्या एका शेटनं इथनं इंजिन करून घेतलं नि बॉनेटवर चहानं भरलेली बशी ठेवून घरी गेला. पोचला तेव्हा बशी रिकामी. सांडली नव्हती रे, आटली होती!"

चौघंही हसले. वत्सलावहिनी हसल्या नाहीत. त्या पालथ्या खोक्यावर बसून धोतराच्या फडक्यानं एकेक हत्यार पुसत होत्या. हातात फिलर गेज होता, पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. फट खरोखर मोजतात ती त्यानं. सावळारामच्या अंगठ्यानं त्याच्या पट्ट्यांवरचे आकडे कधीच पुसून गेले होते. ही शेड आता त्यांच्या मुलानं, प्रणितनं, मोबाइलच्या दुकानाला द्यायची ठरवली होती आणि सोमवारपर्यंत ती रिकामी करायची होती. कुणाला देणार ही हत्यारं, असं मी सकाळी विचारलं, तर म्हणाल्या, "द्यायची नायत. पुसायची हायत."

आणखी एकजण हसला नव्हता. भगीरथ. मशीन कल्याणला न्यायला भंगारवाल्यानं जो पिकअप ठरवला तो नेमका त्याचा निघाला. सहा वर्षांत ह्या उंबऱ्याला त्यानं पाय लावला नव्हता. आजही तो दारातच उभा होता, बोटाभोवती चावी फिरवत.

"काळूबाबा," तो म्हणाला, "केसाची गोष्ट ऱ्हाऊ द्या. माझ्या जीपची सांगा."

पाइपवाला परत बोल्टकडे वळला. त्याला कळलं असावं की ही गोष्ट त्याच्यासाठी नाही.

ही गोष्ट मी कधीच कुणाला सांगितलेली नाही. तुम्हांला सांगतो, आणि ह्यात माझ्या पदरची भर नाही. भगीरथची वाडी डोंगराच्या खळग्यात आहे. डांबरी सडकेला यायचं तर आधी एक उभा चढ चढावा लागतो. वाडीत गाडी एकच होती, ती भगीरथची. टर्बोवाली जीप. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. त्यानं ताकद वाढते, आणि तापही वाढतो. सहा वर्षांमागं, जत्रेच्या आदल्या आठवड्यात, ती जीप निळा धूर ओकत इथे आली. इंजिन उघडलं तर आधीच कुठेतरी दोनदा बोअर होऊन बसलेलं.

"आनखी मोठा पिस्टन घाला ना, मिस्त्री," भगीरथ म्हणाला होता. "लवकर होईल. वाडीची माणसं अडकून पडलीत."

सावळारामनं ब्लॉकवर, म्हणजे ती चार भोकं असलेल्या इंजिनाच्या धडावर, टिचकी मारली आणि कान लावला. वैद्य छातीला लावतो तसा.

"नाय. आता खरवडलं तर भिंत पापडासारखी होईल. तुझा टर्बो आत फुंकर मारतो, पापड टिकंल का रे? चारी भोकांत नव्या नळ्या ठोकू. स्लीव्ह. मंग पिस्टन कंपनीच्या मूळ मापाचा. मोठा नाय."

"म्हंजे परत पयल्यासारखी?"

"पयल्यासारखी. माणसाला नाय जमत, इंजिनाला जमतं."

असं तो का म्हणाला ते मला माहीत होतं, इंजिनं जोडायला मी कायम त्याच्या बाजूलाच असायचो. वहिनी तेव्हा परळच्या इस्पितळात होत्या. कॅन्सर. सावळाराम एक दिवस मशीनवर असायचा आणि एक दिवस परळला. इकडे असला की तिकडचं बोलायचा नाही, तिकडे असला की इकडचं. पिस्टन कल्याणहून आले. हातात पिस्टन आल्याशिवाय त्यानं जन्मात कधी बोअर केलं नाही. आधी पिस्टन मोजायचा, मग त्याच्या मापानं भोक करायचं. तसंच केलं. इंजिन जोडून झालं, सुरू झालं, आवाज तर असा की मांजर मांडीवर झोपलंय. सावळारामनं भगीरथला बजावलं, "पयले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नाय. चढाला दाबू नको."

चौथ्या दिवशी दुपारी भगीरथची आई गिरजा गुरांना पेंढा काढायला गेली आणि पेंढ्यातनं तिला घोणस डसली.

भगीरथनं तिला मागच्या सीटवर घातलं आणि चढाला जीप दाबली. माथा पन्नास पावलांवर असताना इंजिन जाम झालं. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं. मग वाडीच्या माणसांनी घोंगडीची झोळी करून तिला सडकेपर्यंत खांद्यावर आणलं, पाच किलोमीटर. सडकेला लागेपर्यंत ती बोलत होती. मुरबाडला पोचली तेव्हा बोलत नव्हती.

भगीरथ भांडायला आला नाही. ते इंजिन पुन्हा उघडलंही नाही, जीप तशीच ओढत नेऊन विकली. आणि सावळारामनं त्यानंतर मशीनवर एकही ब्लॉक चढवला नाही. रोज सकाळी यायचा, शटर उघडायचा, मशीनला तेल द्यायचा, समोर स्टूल घेऊन बसायचा आणि संध्याकाळी शटर ओढायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "मशीन नादुरुस्त हाय." सहा वर्षं. शेजारी बसून मी गोष्टी सांगायचो, तो हूं म्हणायचा. ह्या भाद्रपदात गेला. मशीनला तेव्हाही ताजं तेल होतं.

"सांगा ना," भगीरथ म्हणाला. आता तो आत आला होता. "मिस्त्री बोल्ले होते चढाला दाबू नको. मी दाबली. आई मागनं सांगत होती, हळू रे भगी, पोटात ढवळतंय. तिला हळू पायजे होतं नि मी दाबत होतो. सहा वर्सं मी पिकअप पण चाळीसनंच चालवतो, लोक हसतात. माझ्या पायानं गेली का ती? तेवढं सांगा. मंग मशीन भरतो नि जातो."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या फिलर गेजची एकेक पट्टी उलगडून पुसत होत्या. मान खाली होती.

चौऱ्याहत्तर वर्षांत मी जे जे बोललो ते कुणी खरं धरावं असं मला कधी वाटलं नाही. उलट कुणी पकडलं की बरं वाटायचं, म्हणजे माणूस ऐकत होता. त्या घडीला मात्र वाटलं, देवा, एवढं एक खपू दे.

"तुझ्या पायानं नाय," मी म्हणालो. "नीट ऐक. पिस्टनचं माप बरोबर होतं. पण टर्बोचा पिस्टन जास्ती तापतो, जास्ती फुगतो. त्याला एका केसाची फट पुरत नाय. दीड केस लागतो. तुझ्या इंजिनात एकच ठेवला होता. तू बैलगाडीच्या चालीनं गेला असतास तरी त्या चढाला ते आज नाय तर उद्या जाम झालं असतं. पायाचा काय संबंध?"

चावी फिरायची थांबली.

"म्हंजे मिस्त्रीनं..."

"सावळा कुठला? सावळा त्या दिवशी परळला होता, वहिनींच्या उशाशी. जाताना मला सांगून गेला, काळू, टर्बो हाय, दीड केस ठेव. मशीनवर मी होतो." एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. "जन्मभर त्याच्या बाजूला उभा राहून इंजिनं जोडली, म्हटलं मला काय येत नाय? वहिनींच्या फणीतला त्या सकाळचा ताजा केस घेतला, एकच, नि सवयीनं तेवढीच फट ठेवली. मला जत्रेला पळायचं होतं. नंतर सावळ्याला कळलं. त्यानं माझ्यासाठी तोंड मिटलं ते कायमचं. मशीन बंद झालं ते माझ्या पापानं."

पाइप बोल्टवर तसाच लटकत होता.

"तुमी," भगीरथ म्हणाला.

"मी."

"आई तुमच्यासाठी करवंदं आणायची. पानात बांधून."

"आणायची रे."

तो जवळ आला आणि त्यानं माझ्या शर्टाची कॉलर धरली. माझं वजन ते काय, टाचा जमिनीवरून सुटल्या. मी डोळे मिटले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, खपलं.

"सोड त्यांना, भगीरथ."

मी डोळे उघडले. वहिनी उठून आमच्याजवळ आल्या होत्या. फिलर गेज त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, पट्ट्या मिटून. डोक्यावरचा पदर मागे सरला होता आणि मानेपर्यंत वाढलेले त्यांचे पांढरे, विरळ केस दिसत होते. त्यांनी पदर सावरला नाही.

"काकी, तुमी मधी नका पडू," भगीरथ म्हणाला. "यांनी कबूल केलंय."

"भावजींची केसाची गोष्ट मी दोनशे वेळा ऐकली," वहिनी म्हणाल्या. "एकदा पण अडवलं नाय. हे पण हसायचे, मी पण हसायची. आज अडवते." मग त्या भगीरथकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण मागच्या चौघांनाही ऐकू जाईल असा होता. "हे त्या दिवशी परळला आले नव्हते. मी एकटीच होते. मीच फोनवर बोल्ले यांना, येऊ नका, वाडीची एकच गाडी हाय, ती करून द्या आधी. मशीनवर हेच होते. हात मशीनवर नि जीव माझ्याकडं."

"वहिनी," मी म्हणालो.

"आन् फणीतला केस कुठला हो, भावजी? त्या महिन्यात माझ्या डोक्यावर एक पण केस नव्हता."