न वाजलेलं झाकण

जवळ सरका, मायबाप, आणखी जवळ. अडून बसलेल्या एका घोड्याची गोष्ट सांगतो.

दूधवालणीने लगाम झटकला. घोडा हलेना. मागे गाडीत गवतावर सून कळांनी पिळवटत होती. बाळ आडवं आलं होतं. सुईणीने हात टेकले होते. मुलगा परगावी, दवाखाना पुलापलीकडे.

"आई, थांबलो का?"

"या शहाण्याचा थांबा आला."

घोड्याचं नावच शहाणा. दूधवाला हयात असताना याच गल्लीत रतीब घालायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दाराशी शहाणा आपोआप थांबे आणि किटलीचं झाकण वाजलं की पाय उचले. आता धनी गेला, रतीब बंद पडला. पण घोड्याला कोण समजावणार?

रिकामी किटली अजून गाडीतच होती. दूधवालणीने झाकण आपटलं. ठण्ण! शहाणा निघाला. दोन घरं गेल्यावर पुन्हा थांबला. पुन्हा ठण्ण. कुणी पातेलं घेऊन डोकावलं.

"आई गं... मला मूल होतंय हे दारोदार सांगत निघालाय का हा?"

"बोलू नकोस. दम धर."

पुलाअलीकडच्या शेवटच्या घरापुढे शहाणा उभा राहिला. दूधवालीण चपापली. हे तिच्या थोरल्या जावेचं घर. वाटणीच्या भांडणात दूधवालणीनेच नवऱ्याला बजावलं होतं, "त्या दाराशी गेलात, तर माझं मेलेलं तोंड बघाल." आणि घोडा इथे थांबतो?

तिने झाकण आपटलं. घोडा ढिम्म. पुन्हा आपटलं. मागे सून किंचाळली आणि एकाएकी गप्प झाली. दूधवालणीने चाबूक उगारला.

दार उघडलं. जाऊ उंबऱ्यात आली. तिची नजर चाबकावरून गाडीतल्या सुनेकडे गेली.

दूधवालणीचा हात खाली आला. किती वर्षांनी तोंड उघडायचं होतं.

"जाऊबाई... घोडा हलत नाही हो."

"हलेल कसा? इथे झाकण वाजत नाही."

जाऊ पायऱ्या उतरली. तिने शहाण्याच्या कपाळावर तळवा ठेवला.

"चल रे बाळा."

शहाण्याने पाय उचलला. तेवढ्यात जाऊ मागे चढली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

"हाक गाडी, धाकटे. श्वास आहे हिचा. मी धरलंय."

पुलाच्या फळ्या चाकांखाली खडखडू लागल्या.

"रोज यायचे?" दूधवालणीने मागे न बघता विचारलं.

"रोज. कुणी ऐकून तुला सांगेल, म्हणून भाऊजी झाकण वाजू द्यायचे नाहीत."

दूधवालणीने मांडीवरचं झाकण पदराखाली घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

दवाखान्याच्या बाकावर दोघी जावा बसून होत्या. आतून आधी सुनेचा आवाज आला, मग बाळाचं रडणं. दोघी एकदमच उठल्या.

मायबाप, रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या दूधवाल्याची आठवण ठेवा.