उलटा बसवलेला पेव्हर ब्लॉक

मित्रांनो, जरा खाली बघा. घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत विटेच्या आकाराचे राखाडी ठोकळे दिसतात ना? त्यांतला पहिल्याच ओळीतला, कोपऱ्याचा टवका उडालेला, तो मी. लोक मला पेव्हर ब्लॉक म्हणतात. या अंगणात मी जुना झालो, पण माझ्या अंगातली खडी ज्या डोंगराची होती, त्याच्या मानाने मी अजून पाळण्यातच आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. सिमेंट, वाळू, बारीक खडी आणि पाणी कालवून साच्यात भरलं, यंत्राने गदागदा हलवत वरून दाबलं आणि मी फळीवर उतरलो. बोट लावलं तर खड्डा पडेल इतका मऊ होतो मी. मला वाटलं, आता आपल्याला उन्हात वाळवतील. पण तिथली माणसं आमच्यावर रोज पाणी मारायची! बिस्कीट पाण्यात पडलं की त्याचा लगदा होतो. मी मात्र ते पाणी पीत गेलो आणि आतून दगड होत गेलो. पाण्याने दगड घडतो, या गोष्टीचं नवल मला आजही पुरतं ओसरलेलं नाही.

आमचा एक सख्खा भाऊ आहे, कोबा. त्याचं आणि माझं सामान एकच. त्याला जागेवरच ओतून पसरतात. तो अखंड असतो, आम्ही सुटे. घर बांधणाऱ्यांची आमच्या दोघांवरून नेहमी ओढाताण चालते. हे घर बांधताना इथल्या आजोबांनी मला निवडलं. त्यांनी मला वाळूवर बसवून घेतलं आणि माझं पोट अंधारात गेलं.

मित्रांनो, त्या अंधाराचं काय सांगू! फटींतून झिरपलेलं पाणी माझ्या पोटाखालून हळूच पुढे सरकायचं, ते थेट भिंतीजवळच्या लिंबाच्या मुळांपर्यंत. केसाएवढी मुळं वाट विचारत यायची. मुंग्या माझ्याखाली संसार थाटायच्या. वर मात्र सगळं रोजचंच होतं. आजोबांची स्कूटर, ओल्या चपला, कुंड्या. सुरुवातीला येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, अंगण काय देखणं आहे!" पुढे कुणी खाली बघेना. माझ्या कडांवर शेवाळ आलं, फटींत गवत उगवलं.

मग या घरात खारू चालायला लागली.

खारू हे तिचं लाडाचं नाव. तोंडात घास ठेवून खारीसारखे गाल फुगवते म्हणून. तिचे पाय जन्मापासून अशक्त. इतर मुलं धावायला लागली तेव्हा ही उभी राहायला शिकली. आता तिला चार पायांचा वॉकर मिळाला होता, पुढे दोन छोटी चाकं असलेला. घरातल्या गुळगुळीत फरशीवर ती या खोलीतून त्या खोलीत राणीसारखी फिरायची. पण शाळेची गाडी यायची फाटकाशी आणि फाटकापर्यंत पसरलेले होतो आम्ही.

चाक आमच्यावर आलं की टर्रर्र आवाज व्हायचा. प्रत्येक फटीत अडकायचं, उसळायचं. अर्ध्या वाटेवर ती थांबायची.

"आई, हाताला मुंग्या आल्या."

मग तिचे बाबा तिला उचलून गाडीत नेऊन बसवायचे. खिडकीत बाकीची मुलं ओळीने बघत असायची. खारू बाबांच्या खांद्यात तोंड लपवायची.

एकदा ती ओरडली, "मला उचलू नका ना! मी काय पिशवी आहे?"

ही आई म्हणजे डोळ्यांत तेल घालून जगणारी बाई. पोरीच्या घशात घास अडकला तर, पाय दुमडला तर, ताप आला तर, असे सगळे 'तर' तिच्या डोक्यात आधीच येऊन बसलेले असत. त्याच दिवशी तिने गवंड्याला बोलावलं.

"हे सगळं उखडा," ती म्हणाली. "कोबा करा. मला एकही फट नकोय."

आजोबा पेपर बाजूला ठेवून उठले. "सूनबाई, याच्याखालून पाण्याचा पाइप गेलाय. मागे फुटला तेव्हा चार ब्लॉक काढले, पाइप जोडला, परत बसवले. कोबा असता तर सगळं अंगण फोडावं लागलं असतं. आणि लिंबाला पाणी कुठून मिळेल?"

"आजोबा, पाइप महत्त्वाचा की पोर?"

आजोबांनी पेपर पुन्हा उचलला. गवंड्याने खालची वाळू बघायला मला पहारीने उचकटून काढलं आणि पायरीवर ठेवून दिलं. मित्रांनो, आता आपण राडारोड्यात जाणार, हे मला कळून चुकलं. वाईट वाटलं, पण आईचं चुकतंय असं काही वाटेना.

पायरीवरून मला शेजारच्या काकूंचं अंगण दिसायचं. तिथे माझा भाऊ पसरला होता, आरशासारखा घोटलेला कोबा. आई म्हणाली, आधी तिथे चालून बघू. खारूने वॉकर टेकवला आणि चाकं पाण्यावरून सरकावीत तशी सरकली. आवाज नाही की धक्का नाही! खारू खुदकन हसली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण काकूंनी नुकतंच अंगण धुतलं होतं. उतारावर वॉकर पुढे निघाला आणि खारूचे पाय मागे राहिले. आईने झेप घेऊन तिला धरलं म्हणून बरं. आईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"मी खरखरीत कोबा करून देतो, वहिनी," गवंडी म्हणाला. "ओला असतानाच झाडू ओढला की वर रेघा उठतात, घसरायची भीती नाही."

"आणि पाइप फुटला की?" आजोबा पुटपुटले.

आई परत येऊन पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या तिने मला मांडीवर घेतलं. चाळाच म्हणा. तिचं नख माझ्या वरच्या कडेवरून फिरलं. माझी वरची कड तिरकी तासलेली आहे, दिसायला नीटस म्हणून. दोन ब्लॉक शेजारी आले की त्या तासलेल्या कडांची मधे छोटी नाली होते, वॉकरचं चाक अडकायचं ते तिच्यातच. आई थांबली. तिने मला उलटं केलं, वाळू झटकली. खालची कड सरळ होती. पोट सपाट, किंचित खरबरीत.

"हे उलटे बसवले तर?"

गवंडी हसला. "वहिनी, लोक म्हणतील गवंडी शुद्धीवर नव्हता."

"घरातली माणसं शुद्धीवर होती असं सांगू," आजोबा म्हणाले.

"आणि सरळ कडा लवकर उडतात. वर गाडी चढली की संपलं."

आईने आजोबांच्या स्कूटरकडे बघितलं. आजोबांनीही बघितलं. एवढ्या वर्षांची त्यांची लाडकी, रोज पुसलेली.

"राहील बाहेर," ते म्हणाले. "तिला काय, पाऊस लागला तर लागला."

गवंड्याने एक ओळ उलटी मांडली, एकमेकांना खेटून. आईने वॉकर घेतला, कमरेत वाकली, डोळे मिटले आणि ढकलू लागली. मुठींनी ऐकत होती जणू. ओळ संपली तेव्हा तिने डोळे उघडले आणि गवंड्याला एवढंच म्हणाली, "सगळे."

मग गवंड्यालाही चेव आला. दोरी बांधून त्याने वाळू फळीने सारखी केली, फटींत बारीक वाळू झाडून भरली, वर लाकडी फळी ठेवून ठोकून ठोकून आम्हांला एका पातळीत आणलं. एकाही ब्लॉकचं डोकं वर राहू दिलं नाही.

आणि मी? ज्या पोटाने कधी उजेड पाहिला नव्हता, त्यावर ऊन पडलं. केवढं मोठं होतं ते आकाश! वर्षानुवर्षं त्याच्याखालीच होतो, पण या अंगाला ते ठाऊकच नव्हतं. ज्या पाठीने सगळी ये-जा सोसली, ती आता ओल्या वाळूत निवांत झाली.

पुढच्या शाळेच्या दिवशी सकाळी खारूने पायरी उतरून माझ्यावर चाक टेकवलं. बारीक खरखर झाली, बस्स. चाक पुढच्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्यावर. आई मागे चालत होती, हात पुढे केलेले, पण पोरीला न लागतील असे. अर्धी वाट झाली. खारू थांबली.

"आई," खारू मागे न बघता म्हणाली, "तू आत जा."

आई गेली नाही. पण जागीच थांबली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे धरले, घट्ट. खारू फाटकाशी पोचली. गाडीच्या खिडकीत ओळीने तोंडं होती. या वेळी तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं.

मित्रांनो, आमच्या फटींतली वाळू पावसाने वाहून जाते, ती भरत राहा. शेवाळ खरवडून काढा. कोबा असो की ब्लॉक, पायाखालच्याकडे अधूनमधून बघत जा. आणि कुणी हळूहळू, स्वतःच्या पायांनी येत असेल, तर त्याला उचलायला लगेच धावू नका. आधी त्याची वाट नीट करा.