तीस सप्टेंबरचं पाणी

"तीस सप्टेंबरला तुमच्या पाण्याला सुट्टी असती काय, चाचा?" वीरण्णानं हसत वही निजामोद्दीनपुढं सरकवली.

अकरा वर्षं त्या एका तारखेला पाणी आदल्या दिवसाच्याच आकड्यावर उभं होतं. लातूरच्या कॉलेजातून आलेल्या शिल्पाला त्या तारखेचा अर्थ लगेच उमगला. वीरण्णा बीदरकडच्या कॉलेजातला, त्याच्या ध्यानात आलं नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंची कॉलेजं मिळून तेरणाकाठच्या वीस विहिरींचं पाणी मोजत. मोजणी सामाईक, वह्या दोन. त्यांवरून अल्याडपल्याडची गावं रब्बीत हरभरा पेरायचा की करडई, ते ठरवत. किल्लारीजवळच्या जुन्या गावठाणातली ही विहीर मोजायचं काम निजामोद्दीनकडं होतं. तीस सप्टेंबरच्या भूकंपानंतर गाव माळावर गेलं, पोरं लातूरच्या क्लासेसला गेली. तो मात्र रोज सकाळी बाभळीचे काटे सारत इथं यायचा. आता खोट्या आकड्यांची विहीर यादीतून जाणार होती. मग इथं यायला त्याला निमित्तच उरणार नव्हतं.

त्या दिवशी विहिरीत मोजणीचा टेप सोडलाच नव्हता का, शिल्पानं हळूच विचारलं.

"न्हाई सोडला, बेटा." तो कठड्यावर टेकला. टेपचं वजन पाण्याला लागलं की आवाज येतो. कान देऊन तो धरायचा आणि आकडा वाचायचा, अशी ती रीत. "आमची लेक बानो दगडाखाली व्हती. दुपारपस्तोर आतून वाजवत राहिली. मी वरून कान लावून. मग थांबलं. तवापासून त्या तारखेला खालचं काय बी ऐकवत न्हाई."

ओळ मोकळी ठेवली तर मोजणी बुडवली म्हणतील, या धास्तीनं तो कालचाच आकडा उतरवायचा.

वीरण्णाचं हसू कधीच विझलं होतं. "खोटं ब्याड, खोटं नको, चाचा," तो म्हणाला. "रिकामी ओळ चालती. तेवढे दिवस सोडून आपण हिशेब लावू."

विहीर राहणार होती. पण नियम असा, की ज्यानं आकडा लिहिला त्यानंच तो खोडायचा, दोन्ही वह्यांत, आणि शेजारी कारण द्यायचं.

भूकंप म्हणून लिहा, शिल्पानं सुचवलं. निजामोद्दीननं नकारार्थी मान हलवली. मांडीवर वही घेऊन त्यानं पहिल्या वर्षाच्या आकड्यावर रेघ ओढली आणि रकान्यात सावकाश लिहिलं: पाणी होतं. मी ऐकलं नाही.

मग पान उलटून दुसरं वर्ष काढलं.