भवानीचं गिऱ्हाईक

कॅमेरा भाड्याने न्यायला आलेल्या माणसाला दीपेश आधी कॅमेऱ्याबद्दल काही विचारायचाच नाही. "तुम्ही उभे कुठे राहणार?" हा त्याचा पहिला प्रश्न असे.

शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो टिपायला निघालेल्या एका काकांना सगळ्यात महागडी कॅमेऱ्याची बॉडी हवी होती. दीपेशने त्यांना समजावलं की पक्षी पार चिखलात असणार आणि तुम्ही धक्क्यावर. लहान सेन्सरची बॉडी आणि लांब पल्ल्याची लेन्स घ्या, तोच पक्षी चौकटीत मोठा दिसेल. लालबागच्या चाळीत बहिणीचा साखरपुडा असलेल्या मुलीला त्याने नेमकं उलट दिलं. खोलीत भिंतीला पाठ लावली तरी मागे सरकायला जागा नाही आणि उजेड एका ट्यूबलाइटचा, तेव्हा मोठा सेन्सर आणि रुंद लेन्स. दादरच्या त्या दुकानाचे मालक हितेंद्रभाई म्हणत, हा भौतिकशास्त्र शिकला खरा, पण लेन्स डॉक्टरसारखी लिहून देतो, जेवणाआधी की नंतर तेवढंच सांगायचं राहतं.

त्या शनिवारी मात्र दीपेशने स्वतःसाठी सामान काढलं. त्याची आई गुणवंती लोअर परळच्या बाजारात मासळी विकायची, आणि रविवारी ती शेवटची बसणार होती. गुडघ्यांनी आता पाट सोडायला सांगितलं होतं. ओटा सोमवारपासून चुलतजावेकडे जायचा होता. दीपेशकडे आईचे फोटो खूप होते, पण सगळ्यांत ती एकाच तऱ्हेने बसलेली: हनुवटी वर, ओठ घट्ट, डोळे आधार कार्डाला लावल्यासारखे. कॅमेरा दिसला की आई निघून जायची आणि तिच्या जागी ही दुसरीच बाई येऊन बसायची. त्याला त्या ओट्यावरची खरी आई हवी होती, आणि त्यासाठी एकच सकाळ उरली होती.

म्हणून त्याने मोठी बॉडी आणि दोनशे मिलिमीटरपर्यंत जाणारी जाडजूड पांढरी झूम लेन्स घेतली. लांब उभं राहायचं, तिला कळूच द्यायचं नाही. बाजारातल्या दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, म्हणून शटरचा वेग किती ठेवायचा तेही त्याने ठरवून टाकलं. दुकानातली त्याची सोबतीण कीर्ती हे सगळं बघत होती.

"तू उभा कुठे राहणारेस?" तिने विचारलं.

लांब, एवढंच तो म्हणाला. हे काही उत्तर नाही, गिऱ्हाइकाकडून तू हे ऐकून घेतलं असतंस का, असं म्हणत तिने अंगठ्याएवढी जुनी पस्तीसची, जवळून टिपायची लेन्स त्याच्या बॅगेच्या कप्प्यात सरकवली.

रविवारी सकाळी तो बर्फाच्या हातगाडीआड उभा राहिला. आई पापलेटांवर पाणी शिंपडत होती. मध्ये पिशव्या येत, छत्र्या येत, डोकी येत. चौकटीत तिचा चेहरा सापडला की ती खाली वाकलेली असायची. एवढ्यात एक बाई तिच्या पुढ्यात थांबली, सुरमई उचलून कल्ले उघडून बघू लागली. दीपेशने लेन्स वर केली. शेजारच्या ओट्यावरच्या रमाबाईला ती पांढरी नळी दिसली आणि तिने हाळी दिली की कोणीतरी फोटो काढतोय गं. दोन-तीन पदर चेहऱ्यांवर गेले. पुढ्यातली बाई दचकली, सुरमई ठेवून चालती झाली.

आईने हातगाडीकडे पाहिलं. गाडीखालून दिसणारे बूट तिने स्वतःच दिवाळीला घेऊन दिले होते.

"इकरं ये," ती म्हणाली.

तो खाली मान घालून गेला. काय केलंय ते त्याला कळलं होतं. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, अजून झाली नव्हती. भवानी होईपर्यंत आई कोणाला उधार देत नसे, भांडत नसे, मोबाइललासुद्धा हात लावत नसे. आणि आज, शेवटच्या दिवशी, तिची भवानी त्याने हातची घालवली होती.

सवयीने तो ओट्याला वळसा घालून मागे निघाला. मागे बर्फाची पेटी होती. लहानपणी शाळेला सुट्टी असली की तो तिच्यावरच बसायचा, आईच्या पाठीला टेकून.

"मागं नको येऊ. मोडलीस ना? आता तूच कर. समोर र्‍हा."

तो समोर उभा राहिला. आणि मग आईने त्याला ओळखच दाखवली नाही. तिने मान तिरकी केली, एक भुवई चढवली, पापलेटाची जोडी तळहातावर तोलली आणि त्याच्या नाकासमोर धरली. काय शेठ, असं बघता काय, रात्रीच्या होडीचं हाय. तिच्या डोळ्यांत खोडी होती, ऐट होती, समोरच्याला जाऊ न देण्याचा लाडिक हट्ट होता. हा चेहरा रोज किती लोकांनी पाहिला असेल. दीपेशने एकदाही नाही. इतकी वर्षं तो चुकीच्या बाजूला बसला होता.

त्याने कॅमेरा उचलला. इतक्या जवळून मोठ्या लेन्सला काही नीट दिसेना, नुसता चंदेरी धूर. तेव्हा त्याला बॅगेचा कप्पा आठवला. पाठ फिरवून, शर्टाच्या आडोशाने त्याने लेन्स बदलली. तोवर आई रमाबाईला मोठ्याने सांगत होती की आजकालची गिऱ्हाइकं चष्मा बदलल्याशिवाय मासळी घेत नाहीत.

त्याने भाव विचारला. तिने सांगितला. घासाघीस कशी करतात हे त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने तो लगेच कबूल केला, आणि आसपासच्या सगळ्या जणी हसल्या. आईने नोट कपाळाला लावली, मासळीला लावली, कनवटीला खोचली. मग पापलेटं पिशवीत घालून पिशवी पुढे केली.

"घरी जाऊन आयला दे," ती म्हणाली. "सांग, गुडघं दुखतान तुझं, बसून साफ कर."

तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

भवानी झाल्यावर तो मागे गेला आणि पेटीवर बसला. त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला. आईने ओले हात लुगड्याला पुसले, आणि कोणा परक्या बाईकडे बघावं तशी बराच वेळ पाहत राहिली.

"अशी बघतंय मी लोकांकरं?"

"हो."

"मंग कशी घेनार नाहीत," ती म्हणाली, आणि पुढ्यात थांबलेल्या नव्या पिशवीकडे वळली. दीपेशने कॅमेरा बॅगेत ठेवला आणि तिच्या पाठीला पाठ टेकवली.