रामाजी गेलते

मित्रांनो, मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत आणि छातीला तडा गेलेला आहे. शिवाय खरं पाहिलं तर मी कधी काही बोललोच नाही. मी एक जुना मोबाइल आहे. बोलतात ती माणसं. मी नुसता पोचवतो. पोचवणाऱ्याचा काय दोष, असं मलाही एका मंगळवारपर्यंत वाटत होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पाठीवर लिहिलेलं होतं, पण त्यावर कव्हर बसलं. आठवतं ते वर्ध्याचं दुकान आणि मला दोन्ही हातांत धरणारी अंकिता. ती तेव्हा वकिलीचं शिकत होती. एकदा मी तिच्या हातून बसच्या पायरीवर पडलो, तडा गेला, तेव्हा ती रडली. माझ्यासाठी कोणी रडण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. पुढे ती सिंदी मेघेला राहायला गेली, एका वकीलबाईंकडे कामाला लागली, तिने नवा फोन घेतला आणि माझी रवानगी तिच्या वडिलांच्या, म्हणजे रूपरावांच्या, सदऱ्याच्या खिशात झाली.

रूपराव शेतकरी. गाव वडनेरच्या पलीकडे. गावाचं नाव सांगत नाही. दुसऱ्याची माहिती त्याला न विचारता देऊ नये, हे मी उशिरा का होईना शिकलो. माणसांची नावं सांगतो आहे खरी, पण ती पोलिसांच्या कागदावर आधीच गेलेली आहेत.

रूपरावांनी माझ्यावर एक ग्रुप काढला. उद्देश एकच: शेतातल्या मोटारींची लाईन, म्हणजे वीज, कधी येते, कधी जाते हे एकमेकांना कळावं. ग्रुपचं नाव ‘लाईन आली’. पहिला महिनाभर त्यावर दोनच शब्द यायचे. ‘आली’ आणि ‘गेली’. मित्रांनो, इतका सत्यवादी ग्रुप मी पुन्हा पाहिला नाही. मग माणसं वाढली, दोनशे त्रेचाळीस झाली, आणि एवढ्या माणसांना नुसत्या लाईनीवर कसं भागणार? सकाळची फुलं आली, मूतखड्यावरचे उपाय आले, कोणाच्या तरी लग्नातले फोटो आले. लाईन आली की नाही हे पाहायला आता बांधावरून उठून मोटारीपर्यंतच जावं लागे.

माझ्या शिक्षणाबद्दल थोडं सांगतो. माझं मराठी शुद्ध आहे. हेच माझं दुखणं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी आमच्या भागातलं मराठी ऐकलेलं नसावं. रूपराव ‘मले’ लिहायचे, मी ‘मला’ करायचो. ते ‘का’ विचारायला ‘काऊन’ लिहायचे, मी ‘काढून’ करायचो. त्यांना पत्ताच नसे. ते एका बोटाने लिहायचे आणि नजर बोटावर ठेवायचे. वर काय उमटलं ते पाहायची त्यांची रीत नव्हती. अंकिताने कितीदा सांगितलं असेल.

“बाबा, पाठवाच्या आंधी एकदा वाचत जा.”

“मीच लिहलं, अन् मलेच काय वाचाचं?” रूपराव म्हणायचे. आणि पुढचं अक्षर शोधायला लागायचे.

त्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला सचिनने ग्रुपवर विचारलं, “रामाजी कुठी हायेत? दाराले कुलूप हाय. फवारणीचा पंप पाह्यजे.” सचिनच्या कपाशीवर मावा पडला होता, त्यामुळे तो घाईत होता. रामाजी म्हणजे रूपरावांच्या समोर राहणारे, सत्तरी ओलांडलेले, एकटे. त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता. आदल्या दिवशी त्यांच्या हाताला कुंपणाची गंजकी तार लागली होती, म्हणून ते सकाळीच गावातल्या नर्सबाईंकडे, जागृती सिस्टरकडे, धनुर्वाताची सुई घ्यायला गेले होते. रूपरावांनी त्यांना जाताना पाहिलं होतं. म्हणून त्यांनी मला काढलं आणि सरळ, खरं, शेजारधर्माचं उत्तर लिहिलं:

‘रामाजी सुई घ्याले गेलते जागृती सिस्टर जवळ’

मी ते शुद्ध केलं. ‘घ्याले’ मला माहीत नव्हतं, मी ‘घेतली’ केलं. ‘गेलते’ तर मी उभ्या आयुष्यात कुठल्या पुस्तकात पाहिलं नव्हतं. आता गावात कोणी गेलं असेल तर ते ‘गेलते’ असतं, तासाभरात परत येतं. पुस्तकात ते ‘गेले’ असतं, आणि मग तेराव्याचं पाहावं लागतं. हा फरक मला कोणी शिकवला नव्हता. ग्रुपवर गेलं ते असं:

‘रामाजी सुई घेतली गेले जागृती सिस्टर जवळ’

रूपरावांनी मला आवाज बंद करून खिशात टाकलं आणि शेताकडे निघाले.

आमच्या शेतात रेंज येते तशी येते. कडुलिंबाजवळ एक काडी, विहिरीजवळ काही नाही. रूपराव कडुलिंबाजवळून गेले की मी थरथरायचो. त्यांना वाटायचं सकाळची फुलं. मला मात्र आत आलेलं सगळं दिसत होतं, आणि खिशातून ओरडता येत नव्हतं.

पहिले जोडलेले हात चार मिनिटांत आले. मग सहा. मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लागोपाठ सतरा वेळा. हिंगणघाटला आदेशचं फ्लेक्सचं दुकान आहे, तोही ग्रुपवर. त्याच्याकडे श्रद्धांजलीचा साचा तयारच असतो, नुसता चेहरा बसवायचा. त्याने कोणाच्या लग्नातला रामाजींचा फोटो घेतला, हातातला लाडू कापला, आणि हसरे रामाजी ढगांत बसवले. बाजूला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा राहून गेला.

तोवर ठीक होतं. एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिल्याने त्याला ताप येत नाही. पण दहाच्या सुमारास नवा मजकूर आला: ‘चुकीच्या सुईने वृद्धाचा बळी. हीच ती नर्स. सगळीकडे पाठवा.’ खाली लसीकरणाच्या दिवशी काढलेला जागृती सिस्टरचा फोटो, आणि तिचा नंबर. तो नंबर तिनेच ग्रुपवर दिला होता, बाळाला ताप आला तर रात्री-बेरात्री लावा म्हणून. ही ओळ कोणी जोडली ते शेवटपर्यंत सापडलं नाही. ज्याला विचारलं त्याला ती दुसऱ्याकडून आलेली होती.

मग तिचे फोन यायला लागले. एक, दोन, पाच. मी थरथरत राहिलो. रूपराव निंदण पाहत होते. सातव्यानंतर तिने आवाज पाठवला. तो मी एकट्याने ऐकला:

“रूपरावकाका, तुमी ग्रुपवर काय टाकलं? रामाजी इथं बसून चहा पिले अन् ऑटोनं वडनेरले गेले. ते जिवंत हायेत. बाहेर माणसं जमून राह्यली. आई दरवाज्यात जाऊन बसली. फोन उचला ना, काका.”

मागे कसला तरी काचेचा आवाज होता. तो तिच्या स्कूटीच्या आरशाचा होता हे नंतर कळलं. माझी बॅटरी तेव्हा अकरा टक्के होती. जुन्या फोनचे अकरा टक्के म्हणजे किती, हे तुमच्या घरी जुना फोन असेल तर तुम्हाला ठाऊक आहे.

साडेदहाला रूपराव कडुलिंबाखाली पाणी प्यायला बसले आणि लाईनीचं काही आलं का म्हणून त्यांनी मला काढलं. समोर ढगांतले रामाजी.

“आरे बाप्पा,” रूपराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. “सकायीच तर पाह्यलं होतं मी त्यायले.”

मित्रांनो, ज्या माणसाने ही बातमी काढली त्याचाच तिच्यावर विश्वास बसला. दोनशे लोक एकच सांगत असताना आपण सकाळी काय पाहिलं याला कोण विचारतो? त्यांनी जोडलेले हात पाठवले आणि ते चित्र आणखी तीन ग्रुपवर सरकवलं. मी पोचवलं. आठ टक्के.

तेवढ्यात अंकिताचा फोन आला. तिला ते चित्र सिंदी मेघेत पोचलं होतं, तिसऱ्याच कोणाकडून, सोबत सव्वानऊच्या मेसेजचा फोटो; आणि तिने आधी जागृतीलाच फोन लावला होता.

“बाबा, हे काय लिहलं तुमी?”

“मी काय लिहलं? रामाजी गेले पोरी, अन् तुले लिहण्याचं पडलं?”

“तुमच्यामुळंच गेले ते. वरी जाऊन सव्वानऊचा मेसेज वाचा. मोठ्यानं वाचा.”

रूपरावांनी मोठ्यानं वाचला. मग पुन्हा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं लिहिलेलं वाचलं होतं.

“मी गेलते लिहलं होतं,” ते हळूच म्हणाले. “यानं गेले केलं. मी नाई, फोननं केलं.”

“फोनच्या नावानं समन्स निघत नाई, बाबा. जागृतीताईच्या घरी माणसं गेली हायेत. पह्यले तिकडं जा.”

“मी ॲडमिन हावो म्हणून मले धरन का पोलीस?”

“ॲडमिन म्हणून नाई. लिहणारा म्हणून अन् पुढं पाठवणारा म्हणून. तिचा फोटो, तिचा नंबर, तिची बदनामी फिरून राह्यली. काही पुसू नका, तसंच राहू द्या. फक्त खरं काय ते लिहा अन् निघा.”

पण घाबरलेल्या माणसाला पुसण्याइतकं दुसरं काही सुचत नाही. रूपरावांनी आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं. मी दोन पर्याय दाखवले. ‘सर्वांसाठी काढा’, ‘माझ्यासाठी काढा’. आपली चूक आपणच निस्तरावी या भल्या विचाराने त्यांनी ‘माझ्यासाठी’ दाबलं. त्यांच्यापुरता तो मेसेज नाहीसा झाला, आणि त्यांना फार बरं वाटलं. बाकी दोनशे बेचाळीस जणांकडे तो जागच्या जागी होता.

मग त्यांनी खरं लिहिलं: ‘रामाजी गेले नाई’.

मला ‘नाई’ पटलं नाही. मी ‘भाई’ केलं.

‘रामाजी गेले भाई’ याला लगेच चौदा जोडलेले हात आले. पाच टक्के. रूपरावांनी मला खिशात कोंबलं आणि गाडीला किक मारली. ज्याला जन्मभर काही वाचायचं नव्हतं, त्याने आता लिहिणंही सोडलं आणि स्वतः जायचं ठरवलं. त्या दिवशी आम्हा दोघांच्या हातून घडलेली ती पहिली शहाणपणाची गोष्ट.

जागृती सिस्टरच्या दारासमोर चाळीसेक माणसं होती. निम्मी चिडलेली, निम्मी चित्रण करणारी. आरसा फुटून पडला होता. जागृती खिडकीच्या गजांआड, फोन कानाला, पोलिसांशी बोलत. तिची आई मीराबाई उंबरठ्यावर मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर एक उष्टा कप होता.

“माह्या पोरीनं सुई देली अन् तो माणूस चहा पिऊन गेला,” ती सांगत होती. “कप अजून धुतला नाई मी. पाहा ना. मेलेला माणूस साखर जास्त मागते का?”

“ग्रुपवर आलं हाय, बाई,” पुढचा एक जण म्हणाला.

रूपराव गर्दीत घुसून उंबरठ्याशी उभे राहिले. “ग्रुपवर मीच टाकलं,” ते म्हणाले.

“तुमी टाकलं? मंग खरंच असन.”

“खोटं हाय. मी वाचलं नव्हतं. मी न वाचता पाठवलं, तुमी न विचारता पाठवलं.” ते मीराबाईच्या पुढे येऊन उभे राहिले. “या पोरीले हात लावाचा असन तर पह्यले मले लावा. मेसेज माहा हाय.”

कोणी हात लावला नाही, पण कोणी घरीही गेलं नाही. एकाने दगड धरलेली मूठ मागे घेतली, पण दगड खाली टाकला नाही. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येत नाही. मी दोन टक्क्यांवर होतो. तेवढ्यात मागे ऑटो थांबला आणि खांद्याला फवारणीचा पंप अडकवलेले रामाजी उतरले.

गर्दी मागे सरली. कोणी तरी चाचरत म्हणालं, “रामाजी, तुमी तर गेले होते ना?”

“गेलतो ना,” रामाजी म्हणाले. “वडनेरले गेलतो. पंपाचं नोझल बदलाले. तुमी सारे इथं काऊन उभे हा?”

तिथे मी बंद पडलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. जागृती सिस्टरने तक्रार केली आणि ते योग्यच केलं. अंकिताने वडिलांकडून माफी लिहून घेतली. रूपरावांनी ती तीनदा मोठ्याने वाचून मगच पाठवली. ढगांतलं चित्र ग्रुपवर दोनशे अकरा जणांनी पाहिलं होतं, माफी एकोणीस जणांनी पाहिली. अनोळखी माणसं जागृतीला कुठून कुठून फोन करून शिव्या देत राहिली, शेवटी तिने नंबर बदलला. आता बाळाला ताप आला की आया जुनाच नंबर लावतात. लसीकरणाच्या पुढच्या दिवशी सव्वीस बाळं यायची होती, सात आली.

रक्षा मॅडम नावाच्या पोलीसबाईंनी रूपरावांचा जबाब घेतला.

“मेसेज कोणी लिहिला?”

“मीच लिहला,” रूपराव म्हणाले. “पण हा नाई लिहला.”

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, आणि मला ताब्यात घेतलं. आता मी प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पिशवीवर क्रमांक आहे, खाली दोन पंचांच्या सह्या. मला मुद्देमाल म्हणतात. इतक्या मानाने मला कोणी ठेवलं नव्हतं, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. उद्या मला चार्जिंगला लावतील, उघडतील, आणि मी काय काय पोचवलं ते सगळं ओळीने दिसेल. माझ्याकडून काही पुसलं जात नाही, मित्रांनो. तुम्हाला वाटतं तसं तुमच्याकडूनही नाही.

म्हणून एक विनंती. मला पडू देऊ नका, पाण्यात भिजवू नका, हे तर आहेच. पण पाठवण्याआधी वर काय उमटलं ते एकदा वाचा. कोणाचा फोटो, कोणाचा नंबर पुढे सरकवण्याआधी त्याला विचारा. आणि कोणी गेल्याचं कळलं, तर त्याच्या दारापर्यंत स्वतः जाऊन या. मी तुमच्या हातातून सुटत नसेन, पण तुमचे पाय काही मी धरून ठेवलेले नाहीत.

राहता राहिला सचिन. तो त्याच संध्याकाळी रामाजींकडे गेला होता. सकाळी त्यानेही ग्रुपवर पाठवलेले जोडलेले हात रामाजींनी कोणाच्या तरी फोनवर पाहिले होते. “मेलेल्या माणसाले पंप काऊन मांगतं?” ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

सचिनची फवारणी अजून झालेली नाही.