अर्धी टाकी

तेलाच्या टाकीची शिट्टी वाजत होती. टाकी निम्मी झाली तसा ऑरिनचा हात सवयीने नळीच्या चापावर गेला. टाकी भरत असेतो आतली हवा बाहेर पडताना शीळ घालते. भरली की गप्प. मेन राज्याच्या या किनाऱ्यावर घरोघरी घर तापवायच्या शेगडीचं तेल घालण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण एव्हिसबाईंच्या टाकीची शिट्टी आपणहून थांबलेली त्याने कधी ऐकली नव्हती. "अर्धीच भर," त्या दर खेपेला म्हणत. अर्धी लवकर सरे, ऑरिन लवकर येई, मेजावर दोन कप कॉफी वाफाळे. असं का, ते दोघांनाही ठाऊक होतं. बोललं कुणी नाही.

"अरे, थांबलास का? भर की!" बाई दारातून ओरडल्या.

"काठोकाठ?"

"काठोकाठ. आता दोन-तीन हिवाळे पुरेल मला."

भिंतीवर नवं पांढरं यंत्र मंद घुमत होतं, बाहेरच्या गारठ्यातूनही ऊब उपसून घरात आणणारं. राज्याने धूर कमी करायचा निर्धार केला होता. अशी यंत्रं बसवायला मदत मिळत होती. तेल उरलं ते फक्त हाडं गोठवणाऱ्या दिवसांपुरतं.

"माझ्या पोटावर पाय दिलात की, बाई!"

"मेल्या, एवढ्या पोटावर पाय ठरेल तरी का?" हसता हसता त्या खाडीकडे वळल्या. जानेवारीच्या वादळात समुद्राने एल्डनचं, त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं, शेवंडं पकडायच्या पिंजऱ्यांचं खोपट ओढून नेलं होतं. नुसते खुंट उरले होते. "त्याच्या हातचं होतं रे ते. पाण्यात जाताना पाहिलं मी. आपल्याच धुराने समुद्र चढतोय म्हणतात. मग गप्प बसवेना."

"बरं केलंत," ऑरिन म्हणाला. ते त्याच्या मनातलंच होतं.

शिट्टी थांबली. अंगणात एकदम समुद्र ऐकू येऊ लागला.

नळी गुंडाळायला त्याने जरा जास्तच वेळ लावला. कॉफी झाली, ब्लूबेरीचा केक झाला. दारात बाई म्हणाल्या, "आता कशाच्या निमित्ताने येशील?"

टोपी सारखी करून तो गाडीत बसला.

वळणावर गाडी मंदावली. काच खाली आली. ऑरिनने ओठांनी शीळ घातली, टाकीसारखीच लांब, एकसुरी. आणि अर्ध्यावरच सोडून दिली.